आशाताई, लंगोट बघितला का?

प्रश्न: मी अक्कलकोट तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. आमच्या भागातल्या एका बाळाला ‘बिलिअरी अट्रेसिया’ (पित्तनलिका बंद पडण्याचा आजार) असल्याचं ते अडीच महिन्यांचं झाल्यावर कळलं. तोवर चार ठिकाणी दाखवून झालं होतं आणि सगळीकडे ‘कोवळं ऊन दाखवा, जाईल कावीळ’ एवढंच सांगितलं गेलं. पुढच्या मासिक सभेत मला वीस मिनिटं मिळणार आहेत. आशा, आरोग्यसेविका, डॉक्टर सगळे असतील. इतक्या दुर्मिळ आजाराबद्दल मी काय सांगू आणि कसं सांगू?

उत्तर: ताई, वीस मिनिटं भरपूर झाली. फक्त ती आजार शिकवण्यात घालवू नका. मी सव्वीस वर्षं सोलापुरात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो आणि या आजारावर बरीच भाषणं देऊन झाली आहेत. पडद्यावर यकृताचं चित्र, पित्तनलिकांचे प्रकार, तपासण्यांची यादी. लोक मन लावून ऐकतात, वहीत उतरवून घेतात, आणि पुढचं बाळ पुन्हा नव्वदाव्या दिवशीच समोर येतं.

असं का होतं, याचं गणित मांडून बघा. हा आजार तैवानमध्ये साधारण पाच-सहा हजार जन्मांमागे एका बाळाला होतो, युरोपात पंधरा-वीस हजारांमागे एकाला. आपण पंधरा हजारांमागे एक धरू. २०११ च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाखांच्या वर होती. वर्षाला साठ-सत्तर हजार बाळंतपणं धरली तर जिल्ह्यात दरवर्षी चार-पाच बाळं निघतात. पण तीस हजार वस्तीच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वाट्याला असं बाळ तीस वर्षांत एखादंच येणार. एका उपकेंद्राला तर कदाचित कधीच नाही. तीस वर्षांत एकदा लागणारी गोष्ट नेमक्या त्या दिवशी आठवावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. तुमच्या भागातल्या त्या चौघांना मी दोष देणार नाही. त्यांच्या हातात आठवण होती, सवय नव्हती.

म्हणून सभेत आजार मागे ठेवा आणि प्रत्येक बाळाला लागू पडणारी सवय पुढे आणा. ती एवढीच: चौदा दिवस उलटल्यावर बाळाचे डोळे पिवळे दिसले, तर लंगोट स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा आणि रक्तात टोटलबरोबर डायरेक्ट बिलिरुबिन (काविळीच्या पिवळ्या रंगद्रव्याचा यकृतातून प्रक्रिया होऊन निघालेला भाग) करून घ्यायचं. ही सवय लागली तर एरवीही वाया जात नाही. थायरॉइडची कमतरता, लघवीतला जंतुसंसर्ग, गॅलॅक्टोसेमिया (दुधातली साखर न पचण्याचा एक जन्मजात आजार), असे आणखी काही आजारही लांबलेल्या काविळीच्याच वाटेने सापडतात.

आता यामागचं कारण सांगतो, कारण कारण कळल्याशिवाय सवय टिकत नाही. यकृतात तयार झालेलं पित्त बारीक नळ्यांतून आतड्यात उतरतं. बाळाच्या शीला पिवळा-हिरवा रंग येतो तो या पित्तामुळे. बिलिअरी अट्रेसियात यकृताबाहेरच्या या नळ्या सुजतात, आक्रसतात आणि बंद होतात. पित्त खाली उतरेनासं झालं की शी फिकट होत जाते. तुंबलेलं पित्त रक्तात जातं आणि तिथून लघवीत, म्हणून लघवी गडद होते. नवजात बाळाची लघवी जवळपास पाण्यासारखी असायला हवी. लंगोटावर हळदीसारखा पिवळा डाग पडत असेल आणि आजी म्हणत असेल की ‘धुतला तरी डाग जात नाही’, तर ती आजी तुम्हाला निदानच सांगते आहे. साध्या काविळीत किंवा आईच्या दुधामुळे लांबलेल्या काविळीत वाढलेलं असतं ते इनडायरेक्ट, म्हणजे यकृताने अजून प्रक्रिया न केलेलं बिलिरुबिन. ते लघवीत उतरत नाही, त्यामुळे त्या बाळांची लघवी पाण्यासारखी आणि शी छान पिवळी राहते.

इथे एक मोठा सापळा आहे. पहिले काही आठवडे हे बाळ अजिबात आजारी दिसत नाही. दूध ओढतं, रडतं, हसायला लागतं, वजनही वाढतं. आपल्या सगळ्यांच्या मनात आजारी बाळाचं चित्र मलूल, दूध न पिणाऱ्या बाळाचं असतं. इथे गुटगुटीत बाळ, थोडे पिवळे डोळे आणि समाधानी आई. पोट फुगून, यकृत कडक होऊन ते मलूल दिसायला लागतं तेव्हा हातातली वेळ बहुतेक संपलेली असते.

माझ्याकडून घडलेली एक गोष्ट सांगतो. ती सभेत सांगितलीत तरी चालेल. बऱ्याच वर्षांपूर्वी मंगळवेढ्याकडची एक आई अडतीस दिवसांचं बाळ घेऊन आली. खोकला होता म्हणून आणलं होतं. डोळे पिवळसर होते. मी विचारलं, ‘शी कशी होते? पिवळीच ना?’ ती ‘हो’ म्हणाली. खोकल्याचं लिहून दिलं, आईचं दूध चालू ठेवा म्हणालो, आणि पुढचा रुग्ण आत आला. तेच बाळ सत्त्याण्णवाव्या दिवशी परत आलं. यकृत बोटांखाली दगडासारखं लागत होतं. त्या आईने मला खोटं सांगितलं नव्हतं. तिचं ते पहिलंच बाळ होतं, पिवळी शी कशी दिसते हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं, आणि मी प्रश्नातच उत्तर घालून दिलं होतं. त्या दिवसापासून मी शीचा रंग विचारत नाही. ‘लंगोट दाखवा’ म्हणतो. नसेल तर बाळाला बसवून ठेवतो, दूध पाजायला सांगतो आणि वाट बघतो.

म्हणून तुमच्या सभेत सगळ्यात जास्त वेळ बघायचं कसं यावर द्या. अंधाऱ्या बाळंतिणीच्या खोलीत, पिवळ्या दिव्याखाली कावीळ कळत नाही. बाळाला दाराशी उजेडात आणायचं आणि डोळ्याचा पांढरा भाग बघायचा. सावळ्या बाळाच्या कातडीवरून अंदाज बांधू नये. शी बघताना वरचा थर बघून थांबायचं नाही, काडीने फोडून आतला भाग बघायचा. पित्त अडलेल्या बाळात वरून पिवळसर छटा लागलेली असू शकते आणि आत पांढरट निघते. सुरुवातीला शी अगदी पांढरी नसते. फिकट पिवळी, साईसारखी, मळलेल्या ज्वारीच्या पिठासारखी दिसते, आणि एखाद्या दिवशी थोडी गडदही होते. त्यामुळे एकदा बघून शंका मिटली नाही तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघायचं. नंतर मात्र ती शाडूसारखी होते. ‘गुटीमुळे तशी झाली’, ‘दूध पचत नाही’ ही स्पष्टीकरणं घरोघरी मिळतील. फिकट शीला गुटी हे कारण होऊ शकत नाही.

फोटो मागवायला हरकत नाही, पण लंगोटाशेजारी कोरा पांढरा कागद ठेवून दिवसाच्या उजेडात काढायला सांगा. कागद फोटोत पिवळा दिसत असेल तर त्या फोटोवर विसंबू नका.

आपल्या जिल्ह्यात शब्दांचाही घोळ होतो. अक्कलकोटकडे कन्नड, शहरातल्या पूर्व भागात तेलुगू, कुठे दख्खनी. ‘फिकट’ हा शब्द निम्म्या घरांत पोहोचत नाही. कन्नडमधलं ‘बिळी’, तेलुगूमधलं ‘तेल्ल’ (दोन्हींचा अर्थ पांढरं) हे शब्द तुमच्या आशांकडूनच सभेत म्हणवून घ्या. आणि शक्य असेल तर शब्दांऐवजी रंगच हातात द्या. सोलापूरकरांना हे समजावायला लागत नाही. चादरी-टॉवेलच्या कारखान्यात सूत रंगवणारा माणूस शेडकार्ड समोर धरल्याशिवाय रंग ठरवत नाही. तोंडी ‘पिवळा’ म्हटल्याने नेमका किती पिवळा ते कळत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तैवानने बाळांच्या शीसाठी नेमकं हेच केलं. एका कार्डावर फिकट आणि निरोगी अशा शीचे फोटो ओळीने छापले आणि २००४ पासून देशभर प्रत्येक आईच्या हातात दिले. त्यानंतर तिथे साठ दिवसांच्या आत शस्त्रक्रिया होणाऱ्या बाळांचं प्रमाण स्पष्ट वाढलं. जपानने २०१२ पासून असं कार्ड आई-बाळाच्या नोंदवहीतच घातलं. तुम्ही असं कार्ड वापरणार असाल तर एक काळजी घ्या: झेरॉक्स काढू नका, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात रंगीत प्रिंट काढली तर ती आधी मूळ कार्डाशेजारी धरून बघा. छपाईत रंग सरकला तर कार्ड नसलेलं बरं.

हे काम आशांना जमेल का, असा प्रश्न सभेत एखादा डॉक्टर विचारेल. त्याला गडचिरोलीची आठवण द्या. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं, १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष जगापुढे आले आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाल्याचं दिसलं. आज आशा ज्या गृहभेटी देतात त्यांचं मूळ तिथे आहे. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट असते. आपल्याला लागणारे दिवस आधीच ठरलेले आहेत, नवीन काहीही मागायचं नाही. चौदाव्या दिवशी डोळे पिवळे असतील तर लंगोट बघायचा आणि कळवायचं. एकविसाव्या दिवशीही पिवळे असतील तर रक्ताची तपासणी झालीच पाहिजे. आणि सहा आठवड्यांच्या लसीला बाळ आलं की आरोग्यसेविकेने सुई टोचण्याआधी डोळे बघायचे. जिल्ह्यातलं जवळजवळ प्रत्येक बाळ ज्या दिवशी आपल्या हाताखालून जातं असा हा एकमेव दिवस आहे. त्या दिवशी सापडलेलं बाळसुद्धा वेळेत पोहोचू शकतं.

बाळं निसटतात ती मात्र दोन गावांच्या मधल्या फटीत. पहिलं बाळंतपण माहेरी. माहेर इंडीकडे किंवा कलबुर्गीकडे असेल तर राज्यही दुसरं. तिथली आशा दोन भेटी देते, सव्वा महिना झाला की बाळ-बाळंतीण सासरी येतात, इथल्या आशाच्या वहीत नाव नसतं. माझ्याकडे उशिरा आलेल्या बाळांत अशी बाळं मला वारंवार भेटली आहेत. दुसरी फट ऊसतोडीची. पंढरपूर-माळशिरसकडच्या फडावर कोपीत जन्मलेलं किंवा पंधरा दिवसांचं असताना तिथे आलेलं बाळ कोणाच्याच यादीत नसतं. तुमच्या गटप्रवर्तकांना (आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्यांना) एवढं सांगा: गावात दोन महिन्यांच्या आतलं नवीन बाळ आलं, कुठूनही आलं, की दोन दिवसांत त्याचे डोळे आणि लंगोट बघायचा. जुन्या भेटींची नोंद नंतर शोधता येते.

डॉक्टरांसाठी शेवटची पाच मिनिटं ठेवा आणि त्यांच्याशी सरळ बोला. प्रयोगशाळेच्या कागदावर नुसतं ‘बिलिरुबिन’ लिहिलं तर बऱ्याच ठिकाणी टोटलच करून मिळतं. ‘टोटल आणि डायरेक्ट’ असं दोन्ही लिहावं. डायरेक्ट १ मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते साध्या काविळीत बसत नाही, मग टोटल कितीही कमी असो. टोटल सहा-सातच आहे म्हणून निश्चिंत होणं ही मी पाहिलेली सगळ्यात महागडी चूक आहे. या आजारात आकडा फार वाढतच नाही. रक्ताची नळी उजेडात ठेवली तर बिलिरुबिन कमी येतं, म्हणून ती झाकून पाठवावी. आणि प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञालाही सभेला बोलवा. लहान बाळाचं डायरेक्ट वाढलेलं दिसलं की रिपोर्ट पाकिटात जायच्या आधी त्याने डॉक्टरला फोन केला, तर आठवडा वाचतो.

पुढे वेळ कुठे जातो तेही सांगा. टॉर्च नावाच्या जंतुसंसर्गाच्या तपासण्यांचा गठ्ठा पाठवला जातो, त्यात सीएमव्ही हा विषाणू पॉझिटिव्ह येतो, आणि ‘संसर्ग आहे’ म्हणून औषधांवर तीन आठवडे निघून जातात. सीएमव्ही आणि बंद पित्तनलिका एकाच बाळात असू शकतात. शी फिकट असेल तर एकीमुळे दुसरी शक्यता पुसली जात नाही. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणूनही सुटका नाही. पित्ताशय दिसलं तरी आजार असू शकतो, आणि सोनोग्राफी बाळाला उपाशी ठेवून झाली नसेल तर तिचा उपयोग आणखी कमी. शेवटचा शब्द शस्त्रक्रियेच्या टेबलावर पित्तनलिकांत रंगद्रव्य सोडून काढलेल्या एक्सरेचा असतो. म्हणजे निदान पक्कं करणं हे आपलं काम नाही. शंका घेऊन बाळ त्या टेबलापर्यंत लवकर पोहोचवणं, हे आपलं काम. आणि डायरेक्ट वाढलेल्या बाळाला दिव्याखाली ठेवू नका. त्याचा फायदा नाही, उलट कातडी तांबूस-करडी पडते. कोवळ्या उन्हाचाही फायदा नाही. एप्रिल-मेच्या सोलापूरच्या उन्हात तर बाळ सुकून जाण्याचीच भीती जास्त.

व्हिटॅमिन के विसरू नका, हे मी तळमळीने सांगतो. पित्त आतड्यात नसलं की हे जीवनसत्त्व शोषलं जात नाही आणि रक्त गोठायचं थांबतं. लस टोचलेल्या जागेतून रक्त थांबत नाही, नाकातून येतं, आणि क्वचित पहिलं लक्षण म्हणून थेट मेंदूत रक्तस्राव होतो. जन्मल्यावर दिलेलं एक इंजेक्शन अशा बाळाला पुरत नाही. पुण्या-मुंबईच्या प्रवासाला निघण्याआधी डॉक्टरांनी ते इंजेक्शन देऊन तशी चिठ्ठीवर नोंद करावी.

शस्त्रक्रियेबद्दल थोडक्यात. जपानमधल्या सेंदाई शहरातल्या मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात ती सुरू केली. बंद नळ्या काढून आतड्याचा एक पदर थेट यकृताच्या मुखाशी जोडतात. साठ दिवसांच्या आत झाली तर बऱ्याच बाळांत पित्त वाहायला लागतं आणि कावीळ उतरते. नव्वद दिवसांनंतर ही शक्यता फार घसरते. काहीच केलं नाही तर बहुतेक बाळं दोन वर्षंही पुरी करत नाहीत. शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी पुढे अनेकांना यकृत प्रत्यारोपण लागतं, आणि पालकांना हे पहिल्याच दिवशी सांगावं. पण ते दहा किलोच्या, दोन-चार वर्षांच्या मुलात करणं वेगळं आणि पाच किलोच्या बाळात करणं वेगळं. भारतात १९९८ मध्ये दिल्लीत लहान मुलातलं पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण झालं, त्या तामिळनाडूतल्या बाळाला हाच आजार होता. वडिलांनी यकृताचा तुकडा दिला, आणि तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला. सभेत कोणी ‘अशा बाळाला पाठवून काय उपयोग’ म्हणालं, तर हे सांगा.

घरच्यांशी बोलताना एक गोष्ट पहिल्या वाक्यात यायला हवी: यात आईची चूक नाही. गरोदरपणी ग्रहण पाहिलं, वांगं खाल्लं, याचा काही संबंध नाही. पुढच्या बाळाला हा आजार होण्याची शक्यताही अगदी कमी. घरात कोणी कावीळ उतरवून घ्यायला, माळ घालायला, पोटावर बिब्ब्याचा डाग द्यायला नेत असेल तर भांडू नका. डाग मात्र थांबवा, आणि माळ गळ्यात राहू द्या, पण रक्त आजच काढा. मी हे असंच करतो, आणि आजवर एकाही आजीने माळ घातल्यावर रक्त काढायला नकार दिलेला नाही.

पाठवताना चिठ्ठीवर ‘कावीळ, पुढील उपचारासाठी’ लिहू नका. बाळाचं वय दिवसांत लिहा: ‘वय ३४ दिवस, शी फिकट, स्वतः पाहिली, डायरेक्ट इतकं, बिलिअरी अट्रेसियाची शंका, व्हिटॅमिन के दिलं.’ वय ‘सव्वा महिना’ लिहिलं की घाई दिसत नाही. ‘३४ दिवस’ लिहिलं की वाचणारा मनात साठातून चौतीस वजा करतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला त्याच दिवशी कळवा, आणि रेशनकार्ड, आधार, जन्माचा दाखला गोळा करायला कुणाला तरी नेमून द्या, म्हणजे जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडे कागदांवाचून दोन दिवस जाणार नाहीत. मोठ्या शहरातल्या रुग्णालयात बाळांचे शल्यचिकित्सक कोणत्या दिवशी बसतात, हे आधी फोन करून विचारा. चुकीच्या वारी पोहोचलेलं कुटुंब कधी कधी तसंच परत येतं.

आणि आशाने दहा बाळं दाखवली, दहाही ठीक निघाली, तर अकराव्या वेळीही तिला तितक्याच आनंदाने बाळ दाखवता आलं पाहिजे. ‘उगाच घाबरवता लोकांना’ असं एकदा सभेत कोणी म्हणालं, तर त्या तालुक्यात पुढची पाच वर्षं कोणी लंगोट उघडून बघणार नाही. तिने पाठवलेल्या प्रत्येक बाळाचं पुढे काय झालं, ते तिला फोन करून सांगा. तुमच्या भागातलं जे बाळ अडीच महिन्यांनी सापडलं, त्याच्या घरी जाणाऱ्या आशालाही या सभेआधी एकटीला भेटा. ती रात्री जागी असेल.